दोनशेच्या आत कार्ड का चालत नाही?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दर्यापूरच्या बाजारातून एक फेरी मारली, की काही दुकानांच्या गल्ल्याशेजारी एक लहानशी पाटी दिसते. पाटी कसली, वहीच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेला मजकूर असतो : 'कार्ड २०० रुपयांच्या वर'. कुठे हा आकडा १०० असतो, कुठे ३००, एखाद्या कापड दुकानात ५००. पाटी नसली तर दुकानदार तोंडी सांगतो. औषधाचे दुकान असो, किराणा असो की हॉटेल, ही अट आता आपल्या अंगवळणी पडली आहे. आणि ती फक्त दर्यापूरची नाही. अकोल्यात, अमरावतीत, पुण्या-मुंबईतही ती आहे.

इतकी सवयीची झालेली ही गोष्ट नेमकी आहे तरी काय? दुकानदाराला अशी अट घालता येते का? त्यात त्याचा खरोखर फायदा होतो का? आणि नुकसान होत असेल, तर ते कोणाचे? मी वाणिज्य विषयाचा शिक्षक. जमाखर्च शिकवण्यात आयुष्य गेले, त्यामुळे अशी पाटी दिसली की हात आपोआप कागद-पेन्सिलीकडे जातो. आज तोच हिशेब आपल्यासमोर मांडणार आहे. हिशेब साधा आहे. चौथीच्या मुलाला यावा इतका.

आधी दुकानदाराचे ऐकू. ओळखीच्या एका औषध दुकानदाराला मी विचारले, बाबा रे, ही पाटी कशासाठी? तो म्हणाला, "सर, चाळीस-पन्नास रुपयाच्या गोळ्याईसाठी कार्ड घासलं, त माह्या हाती काय ऱ्हाते? बँक आपले टक्के कापते, अन् मशीनचं भाडं त महिन्याले जातेच." तिथेच उभ्या असलेल्या एका ग्राहकाचे म्हणणे वेगळे. "भाऊ, पैसे माह्ये, कार्ड माह्यं, दुकानावर कार्डाचं चित्र लावलं हाय. मंग पन्नासाले नाही अन् दोनशाले हो, हे काऊन?"

दोघेही अर्धे बरोबर आहेत. उरलेले अर्धे दोघांनाही कोणी समजावून सांगितलेले नाही. ते समजून घ्यायचे, तर कार्ड घासल्यावर पैसा कोणत्या वाटेने जातो, हे पाहावे लागेल.

समजा, आपण ६० रुपयांचे औषध घेतले आणि कार्ड दिले. आपले खाते एका बँकेत आहे, दुकानदाराचे मशीन दुसऱ्या बँकेचे आहे. मशीन आधी आपल्या बँकेला विचारते, याच्या खात्यात साठ रुपये आहेत का? हा निरोप पोचवण्याचे काम मधली एक यंत्रणा करते. व्हिसा, मास्टरकार्ड किंवा आपले रुपे ही त्या यंत्रणांची नावे. होकार आला की आपल्या खात्यातून साठ रुपये वजा होतात आणि बहुधा दुसऱ्या दिवशी दुकानदाराच्या खात्यात जमा होतात. पण जमा होताना पूर्ण साठ होत नाहीत. त्यातून थोडी रक्कम कापली जाते आणि तिचे तीन वाटे होतात. एक कार्ड देणाऱ्या बँकेला, एक मधल्या यंत्रणेला आणि एक मशीन देणाऱ्या बँकेला. या कपातीला 'मर्चंट डिस्काउंट रेट', थोडक्यात एमडीआर म्हणतात. मराठीत आपण व्यापारी वटाव म्हणू.

वऱ्हाडाला ही कल्पना नवी नाही. अमरावती-खामगावच्या कापूस बाजारात हुंडी चालत होती, तेव्हा हुंडी करून देणारा सराफ आपली हुंडावळ घेतच असे. दूरच्या माणसाचा पैसा इथे हाती मिळतो, त्याची ती मजुरी. कार्डाचा वटाव ही आजची हुंडावळच आहे. फरक एवढाच, की हुंडावळ किती हे दोन्ही पक्षांना ठाऊक असे. इथे ग्राहकाला ती दिसत नाही आणि दुकानदाराला महिनाअखेरीच्या कागदात शोधावी लागते. कार्डाच्या धंद्यात ही रीत पहिल्यापासूनची आहे. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचे कार्ड निघाले, तेव्हा कंपनी हॉटेलमालकांकडून बिलाचे सात टक्के घेत असे. जेवणाऱ्याला बिलात ते दिसत नसत.

आता आपल्याकडचा वटाव किती? डेबिट कार्डाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये मर्यादा घातली. दोन हजार रुपयांपर्यंत पाऊण टक्का आणि त्यावर एक टक्का, याहून जास्त घ्यायचे नाही. मग ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली आणि स्वाइप मशीन गावोगावी पोचले. त्या वेळी १ जानेवारी २०१७ पासून हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहारावरची मर्यादा पाव टक्क्यावर आणली गेली. १ जानेवारी २०१८ पासून पुन्हा नवी पद्धत आली. ज्या दुकानाची वर्षाची उलाढाल वीस लाखांपर्यंत आहे, त्याच्याकडून डेबिट कार्डावर जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि त्याहून मोठ्या दुकानाकडून ०.९० टक्के. शिवाय २०१८ आणि २०१९ ही दोन वर्षे दोन हजारांपर्यंतच्या डेबिट व्यवहारांचा वटाव सरकारने स्वतः सोसला. आणि १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्डावरचा वटाव शून्य झाला. शून्य म्हणजे एक पैसाही नाही.

क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. तिथे बँक आणि दुकानदार यांच्यात जो दर ठरेल तो. लहान दुकानदाराला तो दीड-दोन टक्के पडतो, कधी त्याहूनही जास्त. क्रेडिट कार्डवाल्याला जे पॉइंट मिळतात, बक्षिसे मिळतात, ती बरीचशी याच पैशातून येतात. म्हणजे पॉइंट एकाचे आणि कपात दुसऱ्याची. दुकानदार ही कपात शेवटी मालाच्या भावात धरतो, त्यामुळे रोख पैसे देणारा शेतमजूरही नकळत कोणाच्या तरी पॉइंटला हातभार लावत असतो.

आता आपल्या साठ रुपयांकडे परत येऊ. कार्ड रुपेचे डेबिट असेल, तर वटाव शून्य. दुसऱ्या कंपनीचे डेबिट असेल आणि दुकान लहान असेल, तर ०.४० टक्क्याने २४ पैसे. दुकान मोठे असेल तर ५४ पैसे. क्रेडिट कार्ड असेल आणि दर दोन टक्के धरला, तर एक रुपया वीस पैसे. दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारात या वटावावर जीएसटीही लागत नाही.

दुसऱ्या बाजूला त्याच औषधावर दुकानदाराला मिळते किती? सरकारने ज्या औषधांच्या किमती बांधून दिल्या आहेत, त्यांत किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के धरलेले असतात. साठ रुपयांच्या औषधात ते सुमारे आठ रुपये होतात. म्हणजे ग्राहक डेबिट कार्ड घेऊन आला आणि त्याला परत पाठवले, तर दुकानदाराने चोवीस पैसे वाचवण्यासाठी आठ रुपये सोडले. आपण म्हणतो ना, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. इथे कोंबडीच सोडून दिली आणि मसाला वाचवला.

सगळ्या मालावर आठ रुपये सुटतात, असे मी म्हणत नाही. मोबाइलचे रिचार्ज, दुधाची पिशवी, साखर यांत दुकानदाराचा वाटा फार थोडा असतो. तिथे क्रेडिट कार्डाचे दोन टक्के गेले, तर हाती काहीच उरत नाही, हे खरे आहे. पण नीट पाहा. वटाव टक्क्यांत आहे आणि नफाही टक्क्यांत आहे. ज्या मालात दोन टक्के परवडत नाहीत, त्यात ते पन्नास रुपयांना परवडत नाहीत, तसे पाचशेलाही परवडत नाहीत. रक्कम दहापट झाली की कपातही दहापट होते. मग दोनशेच्या वरच कार्ड चालेल, या अटीने टक्केवारीचा प्रश्न सुटतो कुठे?

ही अट मुळात शोभते ती वेगळ्या पद्धतीच्या शुल्काला. बाजार समितीत माल नेणाऱ्याला हे चटकन कळेल. हमाली पोत्यामागे असते आणि अडत टक्क्यांत असते. पोते अर्धे भरले म्हणून हमाली अर्धी होत नाही. म्हणून हमाली लागते तिथे पोते पूर्ण भरून नेणे शहाणपणाचे. अमेरिकेत कार्डाच्या शुल्काला असा हमालीचा भाग जोडलेला असतो. टक्केवारी असतेच, शिवाय प्रत्येक व्यवहारामागे काही सेंट ठरलेले असतात. समजा ते दहा सेंट आहेत. दोन डॉलरच्या कॉफीवर दहा सेंट म्हणजे पाच टक्के झाले, पन्नास डॉलरच्या मालावर तेच नगण्य. हे दुखणे ओळखून तिथल्या २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने दुकानदारांना परवानगी दिली, की क्रेडिट कार्डासाठी जास्तीत जास्त दहा डॉलरची किमान अट घाला. डेबिट कार्डासाठी मात्र अशी परवानगी दिली नाही.

आपल्याकडे डेबिट कार्डाच्या वटावात हा हमालीचा भाग नाही. शुद्ध टक्केवारी आहे. मग दुकानदाराला लहान रक्कम टोचते कशामुळे? त्याचे उत्तर त्याच्याच वाक्याच्या दुसऱ्या भागात आहे : मशीनचे भाडे. बँक किंवा कंपनी मशीन देते, तेव्हा दरमहा काही शे रुपये भाडे घेते. एक कार्ड घासले तरी तेवढेच आणि हजार घासली तरी तेवढेच. दुकानदार मनातल्या मनात हे भाडे प्रत्येक व्यवहारावर वाटतो आणि त्याला वाटते, पन्नास रुपयांच्या गिऱ्हाइकाने हे मशीन वापरले तर परवडणार नाही.

इथेच हिशेब उलटा होतो, आणि आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. समजा, भाडे महिन्याला ४०० रुपये आहे. महिन्यात २०० वेळा कार्ड घासले, तर एका व्यवहाराच्या वाट्याला २ रुपये येतात. दुकानदाराने पाटी लावली, लहान गिऱ्हाइके गेली आणि महिन्यात ४० च व्यवहार उरले, तर एका व्यवहाराच्या वाट्याला १० रुपये येतात. भाडे ४०० चे ४०० च राहिले. पाटीने ते एक रुपयाने कमी झाले नाही, उलट ते वाटून घेणारी माणसे कमी झाली. एस.टी.चा डिझेलखर्च ठरलेला आहे, आणि कंडक्टर जवळच्या गावाच्या उतारूला म्हणतो, तुझे तिकीट लहान आहे, खाली उतर. असा कंडक्टर डेपोचे भले करत नसतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळ दुकानदारांच्या लक्षात येत नाही. महिन्याला ठरावीक रकमेच्या वर कार्डाचा व्यवहार झाला, तर भाडे कमी करण्याची किंवा माफ करण्याची सोय काही बँका ठेवतात. लहान व्यवहार नाकारून दुकानदार त्या रकमेपासून आणखी लांब जातो.

मग ही पाटी लावण्यात काहीच शहाणपण नाही का? तसेही म्हणता येणार नाही. भाड्याशिवायही दुकानदाराच्या अडचणी आहेत आणि त्या खोट्या नाहीत. कार्डाचा पैसा दुसऱ्या दिवशी मिळतो, पण दुधाची गाडी, पावाचा माणूस आणि भाजीवाला सकाळी रोख मागतो. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी असते, त्यात नेटवर्क गेले की एका गिऱ्हाइकापायी पाच जण ताटकळतात. चिठ्ठीचा कागद लागतो. पैसे आपल्या खात्यातून गेले आणि दुकानदाराला आले नाहीत, असे झाले तर दोघांत वाद होतो. आणि एक कारण कोणी उघड बोलत नाही. कार्डाच्या प्रत्येक व्यवहाराची नोंद राहते, ती कराच्या हिशेबात दिसते. काहींना तेच नको असते. पण या कारणांनाही दोनशेचा आकडा लावता येत नाही. नेटवर्क जाते तेव्हा ते रक्कम पाहून जात नाही.

या घोळाचा एक मोठा दाखला जानेवारी २०१७ मध्ये साऱ्या देशाने पाहिला. कार्डाच्या विक्रीवर एक टक्का वटाव घेऊ, असे काही बँकांनी पेट्रोलपंपचालकांना कळवले. पंपचालकाचे कमिशन लिटरमागे ठरलेले, बँकेची कपात मात्र पूर्ण बिलावर. पंपचालकांच्या संघटनेने जाहीर केले, की ९ जानेवारीपासून कार्ड घेणार नाही. आदल्या रात्री हा निर्णय पुढे ढकलला गेला आणि नंतर सरकारने सांगितले, की हा भार ना ग्राहकावर पडेल ना पंपचालकावर. तो बँका आणि तेल कंपन्यांनी उचलावा. पंपचालक संघटित होते, त्यांचा आवाज दिल्लीपर्यंत पोचला. चौकातल्या किराणा दुकानदाराला अशी संघटनेची ताकद नाही. त्याला बँकेशी भांडता येत नाही, म्हणून तो समोरच्या गिऱ्हाइकाला अट घालतो. पाटीमागची खरी गोष्ट हीच आहे. जिथे बोलायचे तिथे बोलता येत नाही, म्हणून ते पुठ्ठ्यावर लिहिले जाते.

आता नियमाचे पाहू. कार्ड घेतलेच पाहिजे, अशी सक्ती आपल्या लहान दुकानदारावर नाही. 'माझ्याकडे कार्ड चालत नाही' असे तो खुशाल म्हणू शकतो. पण एकदा मशीन घेतले, की बँकेशी झालेला करार त्याला लागू होतो. व्हिसा आणि मास्टरकार्डची नियमावली किमान रकमेची अट घालायला मनाई करते. अमेरिकेत जसा कायद्याने अपवाद केला आहे, तसा अपवाद करणारा कायदा आपल्याकडे नाही. म्हणजे 'दोनशेच्या वर' ही पाटी कराराच्या विरुद्ध जाते.

तिचीच एक जुळी बहीण मोठ्या बिलावर भेटते. बियाणे-खताचे किंवा फ्रिजचे मोठे बिल झाले, की सांगितले जाते, 'कार्ड असेल तर दोन टक्के वर लागतील'. डेबिट कार्डावर अशी वरची रक्कम घेण्याबद्दल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट कळवले होते, की हे योग्य नाही, कराराला धरून नाही आणि असे करणाऱ्या दुकानदाराशी बँकेने संबंध संपवावा. लहान रकमेला नकार आणि मोठ्या रकमेला भुर्दंड, अशा दोन्ही टोकांना ग्राहक अडतो.

आपण म्हणाल, आता कार्डाचे काय घेऊन बसलात? जो तो मोबाइलने स्कॅन करतो. खरे आहे. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले आणि आज पाणीपुरीच्या गाडीवरही क्यूआर कोडचा कागद लटकतो. त्यावर दहा रुपयेही घेतात, किमान रकमेची पाटी सहसा नसते. का नसते? कारण खात्यातून थेट दिलेल्या यूपीआयच्या पैशावर १ जानेवारी २०२० पासून वटाव शून्य आहे, आणि छापलेल्या कागदाला भाडे नाही. म्हणजे टक्के गेले, हमालीही गेली आणि पाटी आपोआप उतरली. जिथे आवाज देणारा डबा भाड्याने घ्यावा लागतो, तिथे दुकानदार पुन्हा कुरकुरतो, हेही पाहण्यासारखे आहे.

पण शून्य म्हणजे फुकट असे समजू नका. निरोप पोचवण्याचा खर्च आहेच, तो दुसरा कोणी भरतो. २०२४-२५ या वर्षासाठी केंद्र सरकारने लहान दुकानदारांकडच्या दोन हजारांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारांपोटी बँकांना सुमारे १५०० कोटी रुपयांचे प्रोत्साहन मंजूर केले. तो पैसा करदात्यांचा. म्हणजे आपलाच. आणि २०२२ पासून रुपेचे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागले, तेव्हा जुना प्रश्न नव्या दाराने आला. लहान दुकानदाराला त्यात दोन हजारांपर्यंत सूट आहे, त्यावर वटाव लागतो. म्हणून काही ठिकाणी आता 'क्रेडिट कार्डाचे स्कॅन चालणार नाही' अशी नवी पाटी दिसू लागली आहे. हुंडावळ कोणी द्यायची, हा वाद संपलेला नाही, त्याने फक्त कपडे बदलले.

यंत्र वाटले म्हणजे व्यवहार बदलतो, असेही नाही. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात धसई नावाचे गाव आहे. १ डिसेंबर २०१६ ला ते राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार तिथे गेले होते आणि बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना स्वाइप मशीन दिले होते. वडापावही कार्डावर मिळतो, याचे कौतुक छापून आले. पुढे वृत्तपत्रांचे प्रतिनिधी पुन्हा तिथे गेले, तेव्हा पुष्कळसा व्यवहार रोखीकडे परतलेला त्यांना दिसला. गाव आपल्या सोयीने चालते. ज्याला खर्च पडतो, तो खर्च कोणी भरायचा हे ठरल्याशिवाय मशीन गल्ल्याखालीच राहते.

मग या किमान रकमेची झळ लागते कोणाला? खिशात स्मार्टफोन आणि बटव्यात नोटा असणाऱ्याला नाही. झळ लागते ती वेगळ्याच माणसाला. तालुक्याच्या गावी आलेली एखादी म्हातारी डोळ्यांसमोर आणा. निराधार योजनेचे पैसे तिच्या खात्यात जमा होतात. २०१४ मध्ये जनधन योजना आली, तेव्हा तिला रुपेचे कार्ड मिळाले. फोन साधा, बटनांचा. तिला रक्तदाबाच्या साठ रुपयांच्या गोळ्या हव्यात. दुकानदार म्हणतो, "मावशी, दोनशेच्या वर घ्या, नाही त नगदी द्या." ती एटीएमकडे जाते. महिन्याची मोफत वेळ संपलेली असेल, तर १ मे २०२५ पासून बँक एका वेळेला २३ रुपयांपर्यंत आकारू शकते. साठच्या गोळ्यांसाठी तेवीस रुपये! आणि एटीएममधून पाचशेची नोट निघाली, तर परत आल्यावर तोच दुकानदार म्हणणार, सुटे नाहीत. नाही तर ती दोनशे भरावेत म्हणून नको असलेले काहीतरी घेणार. ज्या कार्डावर दुकानदाराला एक पैसा वटाव पडत नाही, ते कार्ड त्याने नाकारले आणि त्याची किंमत तिने मोजली. या साऱ्या हिशेबातली मला सर्वांत खटकणारी ओळ हीच आहे.

यावर उपाय अवघड नाही. दुकानदार बंधूंना माझी विनंती आहे, की महिन्याचे बँकेचे विवरण एकदा काढून पाहा. भाडे किती गेले, डेबिटचा वटाव किती, क्रेडिटचा किती, हे तीन आकडे वेगळे लिहा. रुपे डेबिट कार्डावर वटाव कापला असेल, तर बँकेला जाब विचारा. उलाढाल वीस लाखांच्या आत असेल, तर ०.४० टक्क्याच्या वर डेबिटचा वटाव द्यायचा नाही, हे लक्षात ठेवा. भाडे कशाने माफ होते ते विचारा. मशीन परवडतच नसेल तर ते परत करा आणि क्यूआर कोड ठेवा, त्यात कमीपणा नाही. पण मशीन ठेवणार असाल, तर निदान डेबिट कार्डासाठी ती पाटी काढा. कार्डावर 'डेबिट' आणि 'रुपे' ही अक्षरे छापलेली असतात. ती पाहायला एक क्षण लागतो.

ग्राहकांनीही एक पथ्य पाळावे. वीस-तीस रुपयांच्या वस्तूला क्रेडिट कार्ड पुढे करू नये. आपल्याला त्यात फार तर दोन-चार पैशांचे पॉइंट मिळतील, समोरच्याचा नफा मात्र जाईल. डेबिट कार्ड असेल तर ते द्या आणि ते डेबिट आहे हे सांगा. तरीही नकार मिळाला, तर दुकानात आवाज चढवण्याचे कारण नाही. मशीनवर किंवा चिठ्ठीवर कोणत्या बँकेचे नाव आहे, ते टिपून त्या बँकेकडे लेखी तक्रार करा, कारण करार तिचा आहे. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. बँकेकडे अशा तक्रारी गेल्या, म्हणजे बँकही दुकानदाराशी भाड्याबद्दल बोलेल. त्यात त्याचाही फायदा आहे.

त्या औषध दुकानदाराला मी हाच हिशेब त्याच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडून दाखवला. त्याने दोनदा वाचला. म्हणाला, "सर, हे बँकवाल्यानं मले मशीन देतानाच सांगाले पाह्यजे होतं." त्याचे म्हणणे मला पटले. मशीन बसवायला येणारा माणूस कागदावर सह्या घेतो, बटणे शिकवतो आणि जातो. त्याने पाच मिनिटे बसून भाडे आणि वटाव यांतला फरक समजावला, तर बाजारातल्या निम्म्या पाट्या लिहिल्याच जाणार नाहीत. तोपर्यंत हे काम आपणच एकमेकांसाठी करायला हरकत नाही.